सतरा इन्स्ट्रक्शन्सचा अडसर

मित्रहो, एका यंत्रावर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम नांदवण्याची कल्पना क्लाउडसोबत आली, असा समज सर्रास आढळतो. तो आधीच बाजूला ठेवलेला बरा, कारण या विषयातले निम्मे प्रश्न मेनफ्रेमच्या काळातच विचारून झालेले होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज येथे आयबीएमचे एक संशोधन केंद्र होते. तिथे तयार झालेली सीपी-४० ही प्रणाली १९६७ साली वापरात आली आणि त्याच परंपरेतून १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आली. यातली कामाची विभागणी मोठी सुरेख होती. यंत्राचे वाटप सीपी या नियंत्रक प्रोग्रामने करायचे आणि वापरणाऱ्याची सोय सीएमएस या छोट्या, एकाच माणसापुरत्या ऑपरेटिंग सिस्टिमने पाहायची. वाटपाची चिंता दुसऱ्याने वाहिल्यामुळे सीएमएस साधी राहू शकली.

असे वाटप कोणत्या प्रोसेसरवर शक्य आहे, याची काटेकोर अट जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडली. यंत्राची स्थिती बदलणारी किंवा उघड करणारी प्रत्येक इन्स्ट्रक्शन, कमी अधिकारात चालवली असता, अडली पाहिजे आणि ताबा हायपरव्हायझरकडे, म्हणजे यंत्राचे वाटप करणाऱ्या प्रोग्रामकडे, गेला पाहिजे. इंटेलचे एक्स८६ प्रोसेसर नेमके इथे कमी पडत. पेंटियममध्ये अशा, न अडता निसटून जाणाऱ्या, १७ इन्स्ट्रक्शन्स असल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात दाखवले गेले.

त्यांतली एक जवळून पाहू. कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, एखादे नाजूक काम करायचे असते तेव्हा तो फ्लॅग्जची (प्रोसेसरच्या स्थितीदर्शक बिट्सची) सध्याची स्थिती स्टॅकवर ठेवतो, सीएलआय या इन्स्ट्रक्शनने इंटरप्ट (उपकरणांकडून मध्येच येणारे संकेत) बंद करतो, काम उरकतो आणि पॉपएफने जुनी स्थिती परत आणतो. आता हाच कर्नल कमी अधिकारात, गेस्ट म्हणून, म्हणजे हायपरव्हायझरच्या हाताखाली, चालतो आहे असे समजा. सीएलआय अडते, त्यामुळे गेस्टला इंटरप्ट नको आहेत हे हायपरव्हायझरला कळते. पॉपएफ मात्र अडत नाही आणि तक्रारही करत नाही. इंटरप्टचा बिट तेवढा न बदलता ती मुकाट पुढे जाते. गेस्टच्या समजुतीप्रमाणे इंटरप्ट सुरू झालेले असतात, हायपरव्हायझरच्या नोंदीप्रमाणे ते अजून बंदच असतात, आणि गेस्ट कधीही न येणाऱ्या इंटरप्टची वाट पाहत गोठून जातो.

यावर पहिली व्यवहारी तोड व्हीएमवेअरने काढली. १९९९ मध्ये आलेल्या त्यांच्या वर्कस्टेशनमध्ये गेस्ट कर्नलचा कोड चालता चालता तपासून, अडचणीच्या इन्स्ट्रक्शन्सच्या जागी सुरक्षित कोड घातला जाई. याला बायनरी ट्रान्स्लेशन म्हणतात. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात झेन या हायपरव्हायझरची मांडणी करणाऱ्यांनी २००३ मध्ये दुसरी वाट धरली: गेस्टचा कर्नलच थोडा बदलायचा आणि त्याला हायपरव्हायझरकडे सरळ मागणी करायला लावायचे. लिनक्सचा सोर्स कोड हाती असल्यामुळे हे शक्य झाले, आणि २००६ मध्ये ॲमेझॉनने ईसी२ ही सर्व्हर भाड्याने देणारी क्लाउड सेवा सुरू केली ती झेनवरच. तोवर इंटेलने २००५ च्या अखेरीस आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच सोय करून दिली होती. गंमत अशी की, ही पहिली सोय अनेक कामांत बायनरी ट्रान्स्लेशनपेक्षा हळू असल्याचे व्हीएमवेअरच्याच अभियंत्यांनी मोजून दाखवले. पेज टेबलमधल्या, म्हणजे मेमरीच्या पत्त्यांच्या नकाशातल्या, बदलांसाठी दर वेळी हायपरव्हायझरकडे जावे लागे; ती कटकट पेज टेबलचा दुसरा थर हार्डवेअरमध्ये आल्यावर, म्हणजे २००७-०८ नंतर, कमी झाली.

माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत दूरगामी निर्णय केव्हीएम या हायपरव्हायझरचा होता. ॲव्ही किव्हिटी यांनी लिहिलेले हे मॉड्यूल फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स २.६.२० मध्ये दाखल झाले. हायपरव्हायझरला शेड्युलर लागतो, मेमरीची व्यवस्था लागते, शेकडो ड्रायव्हर लागतात. हे सगळे लिनक्समध्ये तयार असताना पुन्हा लिहायचे कशाला, असा त्यामागचा रोकडा विचार होता. आजही केव्हीएम होस्टवर (गेस्ट जिच्यावर चालतात त्या सिस्टिमवर) चालू प्रोसेस दाखवणारी टॉप ही कमांड चालवली, तर प्रत्येक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे गेस्टला मिळालेले आभासी यंत्र, क्यूईएमयू या उपकरणांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामची एक साधी प्रोसेस म्हणून दिसते आणि तिचा प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयू हा एक थ्रेड असतो. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम गेस्ट होती, ती होस्टही झाली. मायक्रोसॉफ्टनेही विंडोज सर्व्हर २००८ सोबत हायपर-व्ही देऊन हायपरव्हायझर सर्व्हरच्या पदरात टाकला, पण त्याची रचना निराळी आहे. तिथे हायपरव्हायझर विंडोजच्या खाली बसतो.

चालते व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येणे, हा व्यवस्थापकांच्या दृष्टीने खरा लाभ. यात गेस्ट चालू असतानाच त्याची सगळी मेमरी पलीकडे पाठवतात, तेवढ्या वेळात बदललेली पाने (मेमरीचे ठरावीक तुकडे) पुन्हा पाठवतात, असे करत उरलेली पाने थोडी राहिली की गेस्टला क्षणभर थांबवून शेवटचा हप्ता पाठवतात. झेनच्या गटाने २००५ मध्ये क्वेक ३ या खेळाचा सर्व्हर, त्यावर माणसे खेळत असताना, असा हलवला. खंड पडला सुमारे ६० मिलिसेकंदांचा.

कंटेनरविषयी, म्हणजे एकाच कर्नलवर पण एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या प्रोग्राम्सविषयी, थोडक्यात सांगतो. साधनांच्या वापरावर मर्यादा घालणारे सीग्रुप्स आणि प्रोसेस वेगळ्या ठेवणारे नेमस्पेस या कर्नलच्या सोयी डॉकर या कंटेनरच्या साधनाच्या आधीच्या. २०१३ मध्ये डॉकरने त्या सामान्य प्रोग्रामरच्या हातात दिल्या. कंटेनर हलका असतो, पण कर्नल सामायिक असल्यामुळे अनोळखी माणसांचे कोड शेजारीशेजारी चालवताना त्यावर विसंबणे मला पटत नाही. व्हर्च्युअल मशीनची भिंतही अभेद्य नाही. क्यूईएमयूमधल्या, कोणी वापरतही नसलेल्या फ्लॉपी कंट्रोलरच्या कोडमध्ये २०१५ साली व्हेनम नावाची त्रुटी सापडली, आणि तिच्यातून गेस्टला होस्टमध्ये शिरण्याची वाट मिळू शकत होती. ॲमेझॉनने २०१८ मध्ये खुला केलेला फायरक्रॅकर (क्यूईएमयूच्या जागी वापरायचा प्रोग्राम) हे याच अनुभवाचे उत्तर आहे. तोही केव्हीएमवरच चालतो, पण रस्ट या भाषेत लिहिलेला आहे आणि त्यात मोजकीच उपकरणे ठेवली आहेत. मायक्रोव्हीएम (छोटी व्हर्च्युअल मशीन) सुरू व्हायला त्याला १२५ मिलिसेकंद पुरतात आणि प्रत्येकीमागे ५ एमबीपेक्षा कमी जादा मेमरी लागते.

इथवर सगळा बंदोबस्त गेस्टपासून होस्टला वाचवण्याचा होता. एएमडीच्या २०१७ च्या एपिक प्रोसेसरपासून उलटा बंदोबस्तही सुरू झाला आहे. त्यातल्या एसईव्ही या सोयीमुळे गेस्टची मेमरी अशा किल्लीने एन्क्रिप्ट होते की जी हायपरव्हायझरच्याही हाती नसते. बँकेला किंवा रुग्णालयाला क्लाउडवर जाताना हा दिलासा मोठा आहे, पण त्याची किंमतही आहे. पाने वाचताच येत नसतील तर चालते मशीन नेहमीच्या पद्धतीने हलवता येत नाही; त्यासाठी प्रोसेसरच्या फर्मवेअरची किंवा गेस्टच्या आत बसवलेल्या विश्वासू कोडची मदत घ्यावी लागते.