मेंदूतल्या धाग्यांना आवरण घालणाऱ्या पेशी किती लागतील, हे कोण ठरवतं?

नमस्कार मंडळी! मागे दिसते ती आमच्या वावरातली पऱ्हाटी. आई आणि काकू विरळणी करताहेत. एका जागी दोन सरक्या डोबल्या होत्या, दोन्ही उगवल्या, तर एक उपटायची. हे बघा, चिमटीत धरून, दुसरीचं मूळ हलू न देता.

बाळाच्या मेंदूतही अशीच विरळणी होते, फक्त तिथे उपटणारं कोणी नसतं.

चेतापेशीच्या लांब धाग्याला अक्षतंतू म्हणतात. विहिरीवरच्या मोटारीच्या वायरला जसं आवरण असतं, तसं यातल्या बऱ्याच धाग्यांना मायलिनचं असतं. मेंदूत ते घालतात ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या ग्लिया पेशी, म्हणजे चेतापेशींना साथ देणाऱ्या पेशी. आता धागे लाखो. पेशी कमी पडूनही चालत नाही, जास्त होऊनही नाही. मग हिशोब ठेवतं कोण?

लंडनमध्ये जीवशास्त्रज्ञ मार्टिन रॅफ यांच्या प्रयोगशाळेने त्यासाठी उंदराच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस निवडली. १९८८ मध्ये कळलं, की शेजारच्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या दुसऱ्या ग्लिया पेशी पीडीजीएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि त्यावर ऑलिगोडेंड्रोसाइटची पूर्वज पिढी वाढत जाते. प्रयोगशाळेतल्या बशीत ते प्रथिन नसेल, तर पेशी विभागणं लवकर थांबवतात आणि अवेळीच पिकतात. हेच प्रथिन आपल्या रक्तातल्या प्लेटलेटमध्येही असतं, जखम भरताना कामी येतं!

पण पीडीजीएफचं हे खत बेताचंच असतं. त्या नसेत तयार झालेल्या ऑलिगोडेंड्रोसाइटपैकी सुमारे निम्म्या मरतात. पीडीजीएफ वाढवून दिलं, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जगल्या. म्हणजे ज्यांच्या वाट्याला या प्रथिनाचा ‘जगा’ असा निरोप आला नाही, त्या आपणच गळून गेल्या होत्या.

आणि मला सगळ्यात भावलेला प्रयोग १९९३चा. बेन बॅरेस आणि रॅफ यांनी फुगा माशाचं विष वापरून नसेतली वीज बंद केली. पूर्वज पेशींचं विभागणं एकदम मंदावलं. म्हणजे ज्या धाग्याला आवरण हवं, त्यातून जाणारी वीजही ‘अजून माणसं लावा’ असं सांगत असते.

‘आता विभागणं थांबवा आणि पिका’ म्हणणारा निरोपही आहे. तो थायरॉईडच्या संप्रेरकाचा. तो कमी पडला, की पेशी वेळेवर पिकत नाहीत, मायलिन उशिरा चढतं. म्हणून ताई, बाळ जन्मलं की त्याच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून थायरॉईड तपासता येतो का, हे दवाखान्यात नक्की विचारा. लवकर कळलं, तर गोळीने ती कमतरता भरून निघते.