कंदील धरलेला हात

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'अस्सल मूर्ती आणि नक्कल'. तिकडे येतोच, पण आधी एका हाताबद्दल बोलू द्या.

चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत 'आदर्श' ठरवलेली मोजकीच नाटकं रंगमंचावर चालायची. माओंच्या पत्नी च्यांग छिंग यांची त्यांवर करडी नजर. त्यांतल्या 'लाल कंदील'ची नायिका ली थ्येमेइ: लाल सदरा, लांब वेणी, उंच धरलेला रेल्वेचा कंदील. चिनीमातीच्या कामाचं गाव चिंगदेचेन, तिथल्या कारागिरांनी ही पोरगी चिनीमातीत आणली आणि हाताचं दुखणं सुरू झालं.

(जाता जाता: आपण लोणच्याच्या बरणीलाही चिनीमातीचीच म्हणतो. ती बहुधा स्टोनवेअर, म्हणजे जाड भाजकी माती. बरणीतून उजेड दिसत नाही. पोर्सेलीनच्या, म्हणजे खऱ्या चिनीमातीच्या, पातळ भागातून दिसतो. हा वाद घरी सासूबाईंशी घालू नका. हशा.)

पेकिंग ऑपेरात, म्हणजे 'लाल कंदील'सारख्या चिनी संगीत नाटकात, नट ऐन क्षणी गोठून उभा राहतो, त्याला ल्यांगश्यांग म्हणतात. मूर्तिकाराला वाटतं, आयतीच मूर्ती मिळाली! पण नटाच्या हातात हाडं असतात. पोर्सेलीन 1300 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजताना अर्धवट काच बनतं, मऊ पडतं. बाजूला काढलेला हात वाकतो, त्यात टोकाला कंदिलाचं वजन.

म्हणून धड, हात, कंदील वेगवेगळ्या प्लास्टरच्या साच्यांत ओततात. पातळ मातीत चिमूटभर सोडियम सिलिकेट घालायचं, म्हणजे कमी पाण्यातही ती वाहते. साचा पाणी शोषतो, 3-4 मिलिमीटरचा थर धरला की उरलेली माती ओतून टाकायची. भाग ओलसर असतानाच त्याच मातीने जोडायचे. एक सुकलेला, एक ओला असला तर सांधा हमखास तडकतो. पोकळ भागाला भोक हवंच, नाहीतर कोंडलेली हवा आणि वाफ मूर्ती फोडते. हाताखाली टेकू द्यायचा तोही त्याच मातीचा, म्हणजे मूर्तीबरोबर तोही आकसेल. विटेचा टेकू आकसत नाही, तो हात वर ढकलतो! टेकू चिकटू नये म्हणून मध्ये अ‍ॅल्युमिनाची पूड, ती भट्टीत वितळत नाही. 'लाल स्त्री-तुकडी' या आदर्श बॅलेतली चवड्यावर उभी नायिका तर घोटाच मोडून घेते. तिच्या मागे खडक उभा करायचा, दुसरा इलाज नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 1972 मध्ये बीजिंगला तो बॅले पाहिला, तिथे खडकाची गरज नव्हती.

आपले सभेचे अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. बरं, नक्कल.

पहिलं, उंची. माती भाजताना साधारण 14 टक्के आकसली असं धरू. 30 सेंटीमीटरच्या मूर्तीवरूनच साचा काढला तर नक्कल 26 सेंटीमीटरच्या आत येते, वेणीचे पेड आणि बोटं बोथट होतात. पण मूळ साचे हाती असतील तर उंची जुळते, तेव्हा फसू नका. दुसरं, लाल रंग. लोहाचा लाल ग्लेझवर, म्हणजे काचेसारख्या लेपावर, देऊन सुमारे 800 अंशांना भाजतात, जास्त तापला की तपकिरी होतो. न भाजलेला रंग मात्र अ‍ॅसिटोनच्या बोळ्याला बहुधा लागतो. आधी तळाशीच पुसून पाहा. तिसरं, बनवणाऱ्याचा शिक्का. तो आजही उमटवता येतो, शेवटी बघा.

आणि हात अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरा. मोडलेला हात रेझिनने, म्हणजे कृत्रिम राळेने, जोडला असेल तर तो भाग बरेचदा वेगळाच चमकतो. खांद्यापाशी बघा, मनगटापाशी बघा, कंदिलाच्या कडीपाशी तर दोनदा.