एअरफोर्समधून एअरलाइनकडे: वावर विकण्याआधी हा हिशेब मांडा

नमस्कार मंडळी.

पायलट व्हायचं आहे, तेही एअरलाइनमध्ये. घरी कापूस-सोयाबीनचं वावर आहे, पण साठ लाख नाहीत. मग एअरफोर्समध्ये फुकट शिकायचं, थोडी वर्षं काढायची आणि मोठ्या विमानात जाऊन बसायचं. हा हिशेब आपल्याकडे बऱ्याच घरी मांडला जातो. त्यात घोळ फक्त "थोडी वर्षं" या दोन शब्दांत आहे.

(पडद्यावर: एनडीए आणि ॲफकॅट, वयाचा तक्ता)

एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात द्यायची. तीन वर्षं खडकवासला, मग हैदराबादजवळ दुंडीगलला हवाई दलाच्या अकादमीत सुमारे दीड वर्ष. बाविशीच्या आसपास अधिकारी झालात की पेन्शनसाठी 20 वर्षांची सेवा, म्हणजे वय बेचाळीस. मधेच निघायचं तर परवानगी लागते. ती मिळेलच असं नाही, राजीनामा टाकला आणि बॅग उचलली असं तिथं नसतं.

दुसरी वाट ॲफकॅटची, म्हणजे पदवीनंतर हवाई दलात जायच्या परीक्षेची. पदवीला 60 टक्के, बारावीत फिजिक्स आणि मॅथ्स दोन्हीत किमान 50, वय 20 ते 24. डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं, चालू सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) हातात असेल तर 26 पर्यंत. ही शॉर्ट सर्व्हिस 14 वर्षांची, पेन्शन नाही. बाहेर पडताना वय चाळिशीला टेकलेलं.

नागरी विमान 65 पर्यंत उडवता येतं, म्हणजे पुढं वीस-पंचवीस वर्षं शिल्लक राहतात. मात्र एअरलाइनमध्ये सीनियॉरिटी बहुतेक ठिकाणी रुजू झाल्याच्या तारखेपासून धरतात. विंग कमांडर साहेब फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक म्हणून बसतात आणि शेजारच्या सीटवरचा कॅप्टन वयानं दहा वर्षांनी लहान असतो. हे पटत असेल तरच पुढचं ऐका.

आमचं मत सरळ आहे. एअरलाइन मिळालीच नाही तरी गणवेशातली नोकरी चालेल, असं पोराला किंवा पोरीला मनापासून वाटत असेल तरच या वाटेनं जा. फक्त फुकट लायसन्स म्हणून जाल तर दुंडीगलपर्यंत पोचणंही अवघड आहे.

आता वाट कुठं कुठं अडते ते बघू.

पहिली अडचण अकरावीतच होते. नीटच्या नादात गणित सोडलं की फ्लाइंग ब्रँच गेली. दहावीनंतर ठरलेलं असेल तर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था बघा. राज्य सरकारची आहे, एनडीएची तयारी करून घेते. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला आहे. मुलींना एनडीए 2022 च्या तुकडीपासून खुली झाली, त्यामुळं "पोरींचं काम नोहे" हा विषय संपला, बाप्पा. परीक्षेचं केंद्र नागपूरला आहे. गणित 300 गुणांचं, सामान्य क्षमता चाचणी 600 ची, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. हवाई दलाच्या फ्लाइंगच्या जागा एका तुकडीत नव्वदच्या आसपास.

दुसरी अडचण डोळ्यांची. फ्लाइंगला लांबचं धूसर दिसण्याचा दोष, म्हणजे मायनस नंबर, चालत नाही. रंग ओळखण्याची चाचणी कडक असते. उंची किमान 162.5 सेंटिमीटर लागते, आणि पायांची लांबी, मांडीची लांबी, बसलेली उंची हेही मोजतात, कारण माणूस कॉकपिटच्या मापात बसायला हवा. एनडीएच्या वयात लेसरचा उपाय नाही. ॲफकॅटला काही अटींवर चालतो, पण ऑपरेशन विसाव्या वर्षाआधी झालेलं नको. कोणी दुकानदारानं "लेसर मारू, काम होते" म्हटलं म्हणून अठराव्या वर्षी डोळ्यांवर प्रयोग करू नका.

तिसरी जागा सगळ्यात धोक्याची, आणि कोचिंगच्या जाहिरातीत तिचं नाव दिसत नाही. सीपीएसएस, म्हणजे पायलट निवडीची संगणक चाचणी. हातात स्टिक, पायाखाली पेडल, समोर हलणारं चिन्ह. ते जागेवर ठेवत मधेच येणाऱ्या सूचनांना उत्तर द्यायचं. वाचायला यंत्रांचे डायल. ही चाचणी आयुष्यात एकदाच. नापास झालात तर फ्लाइंग कायमचं बंद, मग एनडीए, सीडीएस (पदवीधरांसाठीची यूपीएससीची परीक्षा), ॲफकॅट, कुठूनही या. बाकीच्या शाखा मात्र उघड्या राहतात. चूक अशी होते: पोरगं पहिल्याच एसएसबीला, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीला, "अनुभव घेऊ" म्हणून फ्लाइंग भरतं, रात्रभर जनरल डब्यात उभं राहून देहरादून किंवा वाराणसीला पोचतं आणि मग तयारीशिवायच पेडलवर पाय ठेवतं. एक दिवस आधी पोचा. एसएसबीला पहिल्यांदाच जात असाल तर नियमानुसार प्रवासभाडं परत मिळतं, म्हणून तिकिटं जपून ठेवा.

निवड झाली, दुंडीगलला पिलाटस या शिकाऊ विमानावर हात बसला. त्यानंतर फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर, हे गुणवत्ता आणि दलाची गरज बघून ठरतं. तुमची पसंती विचारतात, तिची हमी नसते. आणि एअरलाइनचा सगळा हिशेब इथं फिरतो. ट्रान्सपोर्टवाला एएन-32 किंवा सी-130 वर दोन वैमानिकांच्या क्रूमध्ये लांब पल्ल्याचं उडतो, त्याचे तास भराभर वाढतात आणि कामाची पद्धत एअरलाइनच्या जवळची असते. फायटरची सॉर्टी, म्हणजे एक उड्डाण, तासाभराची, म्हणून तेवढ्याच वर्षांत त्याचे तास कमी. हेलिकॉप्टरवाल्याची अडचण वेगळीच आहे. हेलिकॉप्टरचं लायसन्स वेगळं, विमानाचं वेगळं. त्याला विमानावर नव्यानं तास करावे लागतात, तेही स्वतःच्या खिशातून. भारतात विमानाच्या एटीपीएलला, म्हणजे एअरलाइन वैमानिकाच्या वरच्या लायसन्सला, एकूण 1500 तास लागतात, आणि कॅप्टनच्या सीटवर बसायला एटीपीएल हवं.

(पडद्यावर: लॉगबुकचं पान)

ज्यांचा भाऊ किंवा बहीण आत्ता सेवेत आहे, त्यांनी हा भाग त्यांना पाठवा. हवाई दलाचा वैमानिक म्हणून डीजीसीए आपोआप लायसन्स देत नाही. डीजीसीएच्या परीक्षांसाठी लागणारा संगणक क्रमांक काढा, लागू असलेल्या परीक्षा द्या, रेडिओवर बोलण्याचा परवाना म्हणजे आरटीआर, इंग्रजी प्रावीण्य आणि क्लास वन मेडिकल (व्यावसायिक वैमानिकाची वैद्यकीय तपासणी) उरका. लॉगबुकात पायलट-इन-कमांड, को-पायलट, रात्रीचे आणि इन्स्ट्रुमेंटचे (बाहेर न बघता यंत्रांवर उडवलेले) तास पहिल्या वर्षापासून वेगळे लिहा. वीस वर्षांनी जुन्या स्क्वाड्रनकडून ते प्रमाणित करून घेणं फार जिकिरीचं होतं. डीजीसीएला अलीकडचं उड्डाणही दाखवावं लागतं. शेवटची पोस्टिंग टेबलावरची मिळाली की इथंच गाडी अडते, म्हणून परीक्षा आणि कागद त्या पोस्टिंगच्या आधीच संपवा.

आणि ज्यांना हे वाचून, ऐकून वाटतंय की आपल्याला थेट सीपीएलच करायचं, त्यांच्यासाठी गोंदियाजवळ बिरसीला प्रशिक्षण संस्था आहे, नागपूरला फ्लाइंग क्लब आहे. 200 तासांचं उड्डाण आणि पुढचं टाइप रेटिंग (एअरलाइनच्या ठरावीक विमानाचं प्रशिक्षण) धरून खर्च साठ लाखांच्या घरात जातो. पण फी भरण्याआधी, वावराचा सौदा तर लांबच, क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल करून घ्या. क्लास वन हातात आल्याशिवाय कोणत्याही संस्थेला बुकिंगचे पैसे देऊ नका, सवलत आजच संपते असं त्यांनी कितीही सांगितलं तरी.