पहिली बस रिकामीच धावली पाहिजे

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

शहराच्या कडेला नवी वसाहत उभी राहताना घरे आधी आणि शाळा, दवाखाना, बस मागाहून, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो कोणीतरी घेतलेला निर्णय असतो हेच आपण विसरतो. या सोयींसाठी पैसा कोठून उभा करावा, हा आज माझा जाहीर झालेला विषय आहे. परंतु सोयी उशिरा आल्याने नेमके काय बिघडते ते आधी पाहिल्यावाचून पैशाचा हिशेब मांडता येणार नाही.

एखादे कुटुंब नव्या घराचा ताबा घेते तेव्हा समोर गवत माजलेला भूखंड असतो आणि त्यावर ‘शाळेसाठी राखीव’ अशी पाटी असते. मूल पहिलीत जायचे असते आणि पाटी शिकवत नाही; म्हणून आईवडील दूरच्या जुन्या शाळेत त्याचे नाव घालतात आणि पोहोचवण्या-आणण्यासाठी गाडी घेतात. गाडी दारात आली की बाजारहाट, डॉक्टर, ग्रंथालय हे सारेही जुन्या भागातच होऊ लागते. तीन-चार वर्षांनी राखीव भूखंडावर शाळा उभी राहते, तोवर मुलाचे सवंगडी तिकडचे झालेले असतात आणि धाकट्या भावंडाचे नावही तिकडेच लागलेले असते. मग नव्या शाळेचे वर्ग अर्धे रिकामे राहतात, बसला उतारू मिळत नाहीत, आणि ‘येथे मागणीच नाही’ असा शेरा मारून पुढच्या टप्प्यातील सोयी आणखी लांबवल्या जातात. मागणी नव्हती असे नाही; ती पहिल्या वर्षी होती आणि आपण तिला दुसरीकडे पाठवून दिले. माणसे राहायला येतात त्या पहिल्या काही महिन्यांत त्यांच्या सवयी ठरतात, आणि एकदा ठरलेली सवय मोडायला इमारत बांधण्याहून कितीतरी अधिक खटाटोप लागतो.

येथे एक गोष्ट माझ्या मनाला फार लागते. जलवाहिनी आणि मलनिस्सारण सहसा इतके मागे पडत नाही, कारण त्यांच्यावाचून भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही आणि प्रमाणपत्रावाचून घर रीतसर ताब्यात देता येत नाही. शाळेवाचून मात्र घर खुशाल विकता येते. म्हणजे जे वेळेवर येते ते अधिक महत्त्वाचे असते म्हणून येते असे नाही. विक्री त्याच्यावर अडलेली असते म्हणून येते. अमेरिकी नियोजक क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी शेजारवस्तीची कल्पना मांडली, तेव्हा शाळा मध्यभागी ठेवून, मूल साधारण अर्ध्या मैलाच्या आत चालत पोहोचावे अशा बेताने भोवतीची घरे आखली होती. जाता जाता सांगतो, शाळेची इमारत सायंकाळी साऱ्या वस्तीला खुली असावी, असा त्यांचा त्याच्याही कितीतरी आधीपासून आग्रह होता. संध्याकाळी कुलूप लागणारी शाळा म्हणजे निम्मी वाया गेलेली इमारत, असे मलाही वाटते.

आता माझे सर्वांत आवडते उदाहरण. स्टॉकहोम शहराने १९०४ पासूनच हद्दीबाहेरची जमीन विकत घेऊन ठेवायला सुरुवात केली होती. त्यामुळे शहराच्या पश्चिमेला व्हेलिंगबी हे उपनगर वसवायचे ठरले, तेव्हा कोठे काय येणार आणि कधी येणार हे ठरवणे नगरपालिकेच्या हाती राहिले. भुयारी रेल्वेची शाखा तेथे १९५२ मध्ये पोहोचली आणि १९५४ मध्ये दुकाने, सभागृहे, सेवा यांसह मध्यवर्ती केंद्राचे उद्घाटन झाले. शहराचे नियोजनप्रमुख स्वेन मार्केलियुस यांच्या आराखड्यात काम, घर आणि केंद्र ही तिन्ही एकाच ठिकाणी असावीत असे सूत्र होते. यांतील कामाचा भाग अपेक्षेइतका साधला नाही, बहुतेक रहिवासी नोकरीसाठी बाहेरच जात राहिले, हे मान्य केले पाहिजे. पण ते रेल्वेने गेले, कारण वसाहत बहरत असतानाच रेल्वे तेथे होती. याउलट अ‍ॅमस्टरडॅमच्या बायल्मरमेअर वसाहतीत पहिले रहिवासी १९६८ मध्ये आले आणि मेट्रो १९७७ मध्ये आली. त्या वसाहतीच्या दुरवस्थेला कारणे अनेक होती, उंच इमारतींची रचना हे त्यांतले मोठे. तरीही ती नऊ वर्षे मला विसरता येत नाहीत. जर्मनीतील फ्रायबुर्ग शहराने रीजेलफेल्डमध्ये नेमके उलट केले. पहिली कुटुंबे १९९६ मध्ये आली आणि १९९७ मध्ये, वस्तीचा बराचसा भाग अजून बांधायचा असताना, ट्राम सुरू झाली. त्या अर्ध्या रिकाम्या ट्रामचा खर्च मी तोटा मानत नाही. दारोदारी दुसरी गाडी येऊ नये म्हणून केलेली ती गुंतवणूक होती.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, त्यामुळे पैशाचा मुद्दा थोडक्यात मांडतो. शेतजमिनीवर घरे बांधण्याची परवानगी मिळाली की जमिनीचे मोल कित्येक पटींनी वाढते आणि ही वाढ मालकाच्या श्रमातून नव्हे, सार्वजनिक निर्णयातून येते. उद्याननगरांची कल्पना मांडणारे इंग्रज विचारवंत एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये हीच वाढ वसाहतीच्या सोयींकडे वळवण्याचा विचार मांडला. ब्रिटनच्या १९४६ च्या नवनगर कायद्याने स्थापन झालेल्या विकास महामंडळांनी जमीन जवळपास शेतीच्या भावाने घेतली आणि ६० वर्षांच्या मुदतीच्या सरकारी कर्जांवर कामे केली. तेथील १९६१ च्या जमीन भरपाई कायद्यानंतर भावी विकासाची आशाही किमतीत धरावी लागू लागली आणि ती वाट अरुंद झाली. आज अनेक ठिकाणी बांधकाम करणाऱ्यांकडून सोयींसाठी विकासशुल्क घेतले जाते, पण ते घरे विकली जातील तसतसे जमा होते आणि खर्च मात्र आधी करावा लागतो. हे अंतर दीर्घ मुदतीच्या सार्वजनिक कर्जानेच भरून काढता येते.

दुसरे असे, की अमुक घरे ताब्यात देण्यापूर्वी शाळा सुरू झालीच पाहिजे, ही अट परवानगीतच हवी आणि तो आकडा लहान हवा. पाचशेव्या घराला अट लावली, तर चारशे नव्व्याण्णवाव्या घरापाशी काम रेंगाळते.

आणि जेथे कर्ज मिळत नाही, अटही लागू होत नाही, तेथे निदान पहिल्या टप्प्यातील दोन घरे विक्रीतून वगळावीत. एकात परिचारिका बसेल, दुसऱ्यात पहिलीचा वर्ग भरेल. कायमची इमारत तयार झाली की ती दोन्ही घरे विकून टाकता येतील.