डिस्चार्जनंतरचा फोन

नमस्कार मंडळी. तिळगूळ घेतलात ना सगळ्यांनी?

काकांशिवायची ही आपल्या अमेरिकेतल्या मंडळाची पहिली संक्रांत. त्यांच्याबद्दल बोल, असं अध्यक्षांनी सांगितलं तेव्हा त्यांची कारकीर्द सांगायची असं मी ठरवलं होतं. पण गेल्या रविवारी आमच्या घरी जेवताना जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून तिथूनच बोलते.

पानं वाढलेली होती. काकांचा विषय निघाला आणि माझा मुलगा म्हणाला, "काका तर डॉक्टर नव्हते. मग आजोबांना काही झालं की तुम्ही पहिला फोन त्यांनाच का करायचात?" माझा भाऊ समोरच बसला होता. तो डॉक्टर आहे, तुम्ही सगळे त्याला ओळखता. त्याला ते लागलं. तो म्हणाला, "का रे, आम्ही काय फोन उचलत नाही?" आणि मुलगा शांतपणे म्हणाला, "उचलता. पण परत तुम्ही करत नाही."

आवाज चढले. चौदा वर्षांच्या पोरानं मामाला असं बोलावं का, हा एक विषय झाला. तो खरं बोलला का, हा दुसरा. भाऊ दिवसाला वीस-वीस पेशंट बघून घरी येतो, त्याच्या बाजूनंही बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण "परत तुम्ही करत नाही" हे वाक्य त्या पोरानं काकांना बघूनच उचललं होतं.

काका सांगलीचे, गणपती पेठेतले. वडील हळदीच्या पेढीवर दिवाणजी. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, इथल्या निम्म्या लोकांनी पाहिली आहेत. काका लहानपणी वडिलांबरोबर जायचे. कुठल्या पेवात कुणाची हळद, कधी भरली, तोंड कधी लिंपलं, सगळं वहीत. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची. काका म्हणायचे, "हॉस्पिटल चालवायचं शिक्षण मला तिथंच मिळालं." सांगलीत बी.कॉम. केलं आणि लग्न केलं ते मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेल्या काकूंशी. 1894 साली डॉक्टर वानलेस यांनी सुरू केलेलं ते हॉस्पिटल. आपल्यातल्या कित्येकांचा जन्म तिथला. अमेरिकेत नोकरी लागली ती काकूंना. काका त्यांच्यामागून आले आणि एका हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात कारकून म्हणून लागले.

1983 साली मेडिकेअरनं, म्हणजे इथल्या वयस्कर माणसांच्या सरकारी आरोग्य विम्यानं, हॉस्पिटलांना पैसे द्यायची पद्धत बदलली. त्याआधी जेवढा खर्च, तेवढी भरपाई. त्यानंतर आजाराच्या निदानाप्रमाणे रक्कम आधीच ठरलेली; पेशंट चार दिवस राहो की दहा. साहजिकच हॉस्पिटलं माणसांना लवकर घरी सोडायला लागली. काका तेव्हा हिशेबाच्या टेबलावर होते. त्यांना कागदावर दिसायला लागलं की तेच नाव, तोच आजार, दोन-तीन आठवड्यांत पुन्हा दाखल. त्यांनी साहेबांची परवानगी काढली आणि संध्याकाळी कामाची वेळ संपल्यावर घरी सोडलेल्या म्हाताऱ्या माणसांना फोन करायला लागले. गोळ्या आणल्या का? कुठली कधी घ्यायची ते कळलं का? घरात जिना आहे का? स्वयंपाक कोण करतं? औषधाच्या डोसाबद्दल ते चकार शब्द बोलायचे नाहीत. काही शंका आली तर नर्सला सांगायचे आणि नर्सनं फोन केला का, हे दुसऱ्या दिवशी विचारायचे. तीस दिवसांच्या आत पेशंट प्रमाणाबाहेर परत येत असतील तर हॉस्पिटलचे पैसे कापायचे, हा मेडिकेअरचा नियम 2012 साली आला. तोवर काका त्याच हॉस्पिटलचे सीईओ झाले होते आणि ते फोन तिथल्या कामाचाच भाग होऊन बसले होते.

एक गोष्ट काकूंनी मला सांगितली. नवा वॉर्ड सुरू होण्याच्या आदल्या रात्री काका पेशंटचा झगा घालून तिथल्या बेडवर झोपायचे. उशीखालचं घड्याळ बघून बेल दाबायची आणि माणूस यायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवायचं. झोपल्या झोपल्या हात बेलपर्यंत पोचतो का, बाथरूमच्या दिव्याचं बटण अंधारात सापडतं का, सगळं बघायचं. सीईओला हे करायची काय गरज, असं तिथले लोक म्हणायचे. पेवात हवा खेळली की नाही, ते उतरायच्या आधी बघितलेला माणूस तो.

आणि घरी? काकूंची बरीच वर्षं रात्रपाळी होती. रोज संध्याकाळी त्यांच्या गणवेशाला इस्त्री काका करायचे. सीईओ झाल्यावरही करायचे, अगदी काकू निवृत्त होईपर्यंत. आधी कॉलर, मग बाह्या, मग खिशाची शिवण दाबून, कारण खिशात कात्री आणि पेन राहतात आणि तिथंच चुरगळतं. मुलीच्या वेण्या तेच घालायचे. ती इथं समोर बसली आहे. तिच्या दुसरीतल्या फोटोत एक वेणी कानाच्या वर आणि एक खाली आहे. तो फोटो काकांच्या ऑफिसात शेवटपर्यंत टेबलावर होता. शनिवारी सकाळी भडंग करायचा मानही त्यांचाच. शेंगदाणे, लसूण आणि मिरची वेगवेगळी तळून घ्यायचे, आणि घाई केलेली त्यांना खपायची नाही.

आता 2019 चा ऑगस्ट आठवा, सांगलीचा महापूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 फुटांवर. 2005 चा पूर बघितलेले लोकही हादरले होते. आपल्यातल्या एकाचे वडील गावभागात वरच्या मजल्यावर अडकले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि वीज गेलेली. आपण इथं व्हॉट्सॲपवर पुराचे व्हिडिओ एकमेकांना पाठवत होतो. काकांनी आधी शेजाऱ्यांचा नंबर मिळवला आणि सांगितलं, "मदतीची केळी येतील, शहाळी येतील, ती त्यांना देऊ नका. पाणीही मोजून द्या." डायलिसिस चुकलं की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय दगा देतं, आणि केळ्यात, शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. मदत करणाऱ्या चांगल्या माणसाच्या हातून नकळत जीव गेला असता. मग बोट शोधणं सुरू झालं. तेवढ्यात ब्रह्मनाळ गावी पुरातल्या माणसांना नेणारी बोट उलटल्याची बातमी आली आणि ते गृहस्थ बोटीत बसायला तयार होईनात. काका त्यांच्याशी फोनवर बोलत राहिले, पेढीच्या, पेठेतल्या गणपतीच्या, तालमीच्या गप्पा मारत. त्यांना पाण्यातून काढून मिरजेला डायलिसिसला नेलं, ते वाचले. आणि आठवड्यानं पाणी ओसरल्यावर काकांचा परत फोन: घरातला चिखल काढायला माणसं मिळाली का? पुढच्या डायलिसिसची तारीख काय?

मंडळी, आता थोडं कडू बोलते. संक्रांत आहे, तरी बोलते. तिकडच्या एका धर्मादाय रुग्णालयाला आपण मशीन दिलं होतं. फीत कापली, आपल्या मंडळाच्या नावाची पाटी लागली, फोटो वेबसाइटवर आहेत. त्या बैठकीत काकांनी दोनच गोष्टी विचारल्या होत्या: ते चालवायला टेक्निशियन कोण, त्याचा पगार कोण देणार? आणि दरवर्षीच्या देखभालीच्या कराराचं काय? शुभ कामात हे काय काढताय, असं आपल्यातलेच लोक म्हणाले. पगाराला पैसे द्यायला कुणी तयार झालं नाही, कारण पगारावर पाटी लावता येत नाही. मी पुढच्या खेपेला गेले तेव्हा मशीनवर प्लॅस्टिक घातलेलं होतं. आपल्याला द्यायला आवडतं, यात वाईट काही नाही. पण दिल्यानंतर परत फोन करायचा असतो.

काकांची वही काकूंनी मंडळाकडे दिली आहे. मी ती चाळली. सांगली, मिरज, तासगाव, विटा. नावांऐवजी बहुतेक ठिकाणी नुसतं नातं. एक नोंद वाचते: "विश्रामबाग. आई. गुडघा. घरी सोडलं मंगळवारी. जिना चौदा पायऱ्या, कठडा हलतो. शेजारच्या वहिनी दुपारी असतात. मेडिकलवाला गोळ्या घरी पोचवतो. गुरुवारी परत." पुढे गुरुवारची खूण आहे, त्याच्या पुढच्या गुरुवारची आहे, आणि मग, "कठडा बसवला."

ती आई माझी. कठडा भावानं बसवून घेतला असं मी समजत होते, आणि भाऊ समजत होता मी.

कार्यकारिणीत असं ठरतंय की या वहीचा व्हॉट्सॲप ग्रुप करावा. मला त्याची भीती वाटते. ग्रुपवर दीडशे माणसं असतील, दीडशे जण हात जोडल्याचं चिन्ह टाकतील, आणि दुसऱ्या कुणीतरी फोन केला असेल असं प्रत्येकाला वाटेल. तिकडचा कुठला रिक्षावाला रात्री येतो, कुठला मेडिकलवाला उधार देतो, हे माहीत असलेली आपल्यातली माणसं आता साठीच्या पुढची आहेत. त्यांच्याच तब्येतीची चौकशी करायची वेळ आली आहे. मुलांना मराठी कळतं, पण अनोळखी वहिनींना फोन लावून "जरा वर जाऊन बघता का" असं अजिजीनं म्हणायला नुसतं कळून भागत नाही. हे त्यांना कुणी आणि कसं शिकवायचं, मला सुचलेलं नाही.

या सभागृहात एक जण बसले आहेत, त्यांच्या आईला परवा मिरजेहून घरी सोडलं, खुब्याचं ऑपरेशन करून. सांगलीत उजाडलं की त्यांना फोन कोण करणार, हे मला आज जेवणाआधी हवं आहे. कुणीतरी हात वर कराल, याची मला खात्री आहे. पण पुढच्या गुरुवारी परत कोण करणार? आणि त्याच्या पुढच्या?