आधी दोर, मग कडा

(अंगणात पसरलेले दोर. वरून घेतलेलं दृश्य.)

लाल, निळे, पोपटी, आणि एक इतका विटलेला की त्याचा मूळ रंग आता सांगता येत नाही. साहित्यखोलीतले सगळे दोर आज बाहेर आलेत. प्रत्येक दोराच्या दोन टोकांना दोन माणसं बसलीत. आरोहणाचा हंगाम तोंडावर आला आहे, सगळ्यांचे डोळे कड्यांकडे लागलेत. पण आपल्या गिर्यारोहण क्लबच्या यंदाच्या हंगामाचा पहिला कार्यक्रम कड्यावर नाही. तो इथे, जमिनीवर मांडी घालून करायचा आहे: साहित्य तपासणी.

हे हात नीट बघा. दोर डाव्या हातातून येतो, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सरकतो आणि उजव्या हाताशी त्याचं भेंडोळं होत जातं. हातमोजे मुद्दाम घातलेले नाहीत. वरच्या विणकामाखाली काय बिघडलंय ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतं. दर वीतभर अंतरावर दोर वाकवून बघायचा. चांगला दोर गोल वळतो. आतला गाभा कुठे दुखावला असेल तर वळण गोल येत नाही, तिथे कोपरा येतो. चिमटीत मध्येच पोकळ लागतं किंवा गाठ आल्यासारखं फुगीर लागतं. असं लागलं की हात थांबतात. दोघंही तेवढाच भाग पुन्हा चाचपतात, आधी एक, मग दुसरा. दोघांचं एकमत झालं नाही तर तिसऱ्याला बोलावतात.

(दोर सरकण्याचा आवाज. निवेदन नाही.)

हा आडवा कापलेला दोर. वरचं रंगीत विणकाम म्हणजे म्यान. आतल्या पांढऱ्या, पिळलेल्या लडी म्हणजे गाभा. दोराची बहुतेक ताकद या लडींमध्ये असते, म्यान तिला घासण्यापासून आणि उन्हापासून जपतं. गाभा आणि म्यान अशा रचनेचा दोर एडेलरिड या जर्मन कंपनीने १९५३ मध्ये आणला आणि आरोहकाचं जगच पालटलं. त्याआधीच्या तागाच्या आणि मनिला दोरांच्या काळात पुढे चढणाऱ्याने पडायचंच नाही, हा एकच नियम होता. दोर फारसा ताणला जायचा नाही, झटका जसाच्या तसा माणसाच्या अंगावर यायचा, नाहीतर दोरच तुटायचा. आजचा डायनॅमिक रोप ताणला जातो. ८० किलो वजन नुसतं लटकवलं तर तो १० टक्क्यांपर्यंत लांबतो, आणि प्रमाणित चाचणीतल्या पहिल्या झटक्याला ४० टक्क्यांपर्यंत. हे ताणणंच आरोहकाची कंबर आणि मणका वाचवतं.

आता ही जुनी चित्रं. दोर तपासणं हे क्लबचं काम आहे, हे आज ठरलेलं नाही. जगातला पहिला गिर्यारोहण क्लब, अल्पाइन क्लब, लंडनमध्ये १८५७ मध्ये स्थापन झाला. अवघ्या सात वर्षांत, १८६४ मध्ये, त्या क्लबने दोर, कुऱ्हाडी आणि काठ्या तपासायला एक समिती नेमली. समितीने निरनिराळे दोर आणले, त्यांना बारा स्टोन वजन बांधलं आणि उंचावरून सोडलं. बारा स्टोन म्हणजे सुमारे ७६ किलो. सामानासकट एका हलक्या माणसाचं वजन एवढं होईल, असा त्यांचा हिशेब होता. आधी पाच फुटांवरून सोडलं. बरेच दोर तिथेच तुटले. जे टिकले ते दहा फुटांवरून पुन्हा तपासले. त्या कसोटीला उतरलेल्या दोराच्या पिळात लाल धागा घालायची पद्धत पडली, म्हणजे घेणाऱ्याला खूण पटावी. त्या काळात कुठलंही मानक नव्हतं, प्रयोगशाळा नव्हती. काही सदस्यांनी वजनं उचलली आणि दोर तोडून बघितले. क्लब कशाला म्हणायचं हे मला कोणी विचारलं तर मी याच समितीचं नाव घेईन.

(मॅटरहॉर्नचं चित्र. संथ गतीने वर.)

आणि वर्षभरातच १४ जुलै १८६५ उजाडला. एडवर्ड व्हिंपर हे इंग्रज गिर्यारोहक आणि त्यांच्या साथीदारांनी आल्प्समधलं मॅटरहॉर्न शिखर पहिल्यांदा सर केलं. उतरताना सातही जण एकाच दोराने जोडलेले होते. त्यांतला सर्वांत कमी अनुभवाचा हॅडो घसरला, वाटाड्या क्रोझवर आदळला, पाठोपाठ हडसन आणि डग्लस ओढले गेले. डग्लस आणि त्याच्या मागचा वाटाड्या थोरला टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चार जण गेले. तुटला तो व्हिंपरजवळच्या दोरांपैकी सर्वांत कच्चा दोर होता. त्याहून मजबूत दोर त्या दिवशी सोबत होते. त्या तुटलेल्या दोराचा तुकडा आजही पायथ्याच्या त्सेरमाट गावातल्या संग्रहालयात काचेमागे ठेवलेला आहे. चांगला दोर सोबत असणं आणि तो योग्य जागी बांधलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद असते ती यासाठीच. कुठला दोर कशासाठी, हे कड्यावर दमलेल्या डोक्याने ठरवायचं नसतं.

आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघ १९३२ मध्ये फ्रान्समधल्या शामोनी इथे स्थापन झाला आणि १९६० पासून त्याचा सुरक्षा शिक्का सुरू झाला, सुरुवात दोरांपासूनच. आजची चाचणी अशी असते: एका दोराने चढण्यासाठीच्या सिंगल रोपला ८० किलोचं वजन बांधतात, ते दोराच्या लांबीच्या मानाने खूप वरून सोडतात आणि दोर एका गोल कडेवर झटका खातो. असे किमान पाच झटके त्याने न तुटता घ्यायचे. पहिल्या झटक्याचा जोर १२ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये (एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोचा भार). १८६४ मधले ७६ किलो आणि आजचे ८०, फारसा फरक नाही.

या चाचणीत आपल्याला रोज लागणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे फॉल फॅक्टर. पडण्याची लांबी भागिले बाहेर असलेला दोर. बिलेअरपासून, म्हणजे दोर धरून चढणाऱ्याला सांभाळणाऱ्या साथीदारापासून, वीस मीटर दोर सोडलेला आहे आणि आरोहक चार मीटर पडला, तर झटका सौम्य असतो. तोच आरोहक बिलेअरच्या डोक्यावर दोन मीटर गेला, मध्ये एकही अँकर, म्हणजे दोर अडकवायचा कड्यातला आधार, लावला नाही आणि पडला, तर तोही चारच मीटर पडतो, पण बाहेर दोर दोनच मीटर असतो. फॅक्टर दोन. याहून वाईट झटका साध्या लीड आरोहणात, म्हणजे दोर घेऊन पुढे चढण्यात, नसतो. पडणं तेवढंच, पण ताणायला दोरच नाही. म्हणून स्टेशन, म्हणजे बिलेअर उभा असतो ती अँकरची जागा, सोडल्यावर पहिला अँकर लवकर लावायचा. हे नव्या सदस्यांना तोंडपाठ असतं, पण समजतं ते हे दृश्य बघून.

(भिंतीवरून वजनाची गोणी सुटते. बिलेअर उचलला जातो.)

बिले देणारी मुलगी कशी उचलली गेली बघितलंत? तिच्या पायांकडे पुन्हा बघा. ती भिंतीच्या जवळ उभी होती, ब्रेकचा हात खाली होता, गोणी तिच्यापेक्षा जड होती आणि तरीही दोर थांबला. दुसऱ्या प्रयत्नात तिने झटक्याबरोबर स्वतःहून एक छोटी उडी घेतली. गोणी किती मऊ थांबली, ते पट्टीवर दिसतंय. पाठोपाठ प्रत्येकाने हे केलं. यंदापासून गोणी झेलल्याशिवाय कोणीही माणसाला बिले द्यायचा नाही. क्लबने घेतलेल्या निर्णयांत माझ्या मते हा सर्वांत मोलाचा.

परत अंगणात. हे कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कड्या. प्रत्येकाच्या कण्यावर कोरलेले आकडे वाचायला शिकवतायत. लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन, आडव्या दिशेने किमान ७. म्हणजे तोच कॅराबिनर हार्नेसवर, म्हणजे आरोहकाच्या कमरेच्या पट्ट्यांवर, फिरून आडवा झाला की त्याची ताकद जवळपास एक तृतीयांशावर येते. गेट, म्हणजे कडीची उघडणारी बाजू, उघडून सोडायचं. ते स्वतःहून टचकन बंद झालं पाहिजे. या कॅराबिनरचं गेट बघा, येतंय, येतंय, आणि शेवटच्या मिलिमीटरला अडलं. बिजागरीत धूळ आहे. कोमट पाण्यात धुऊन, वाळवून, थोडं वंगण लावल्यावरही अडलं तर ते बाद. दोर घासून ज्याच्या आतल्या बाजूला खोबण आणि खोबणीला धार आली आहे, ते धुवायचीही गरज नाही, सरळ बाद.

दोराचे काही शत्रू दिसत नाहीत आणि या चित्रफितीतही दिसणार नाहीत, म्हणून ते बोलून सांगतो. पहिला शत्रू आम्ल. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी ठेवलेला दोर वरून नवाकोरा दिसतो आणि आतून संपलेला असू शकतो. डाग पडेलच असं नाही. दुसरा, मार्कर. दोराचा मध्य दाखवायला हाती लागेल त्या पेनाने पट्टा ओढायचा नाही. काही शाईंनी रंगवलेल्या जागी दोराची ताकद चांगलीच घटल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. त्या दोराच्या उत्पादकाने सांगितलेलीच शाई वापरायची. तिसरं, पाणी. ओला दोर कोरड्यापेक्षा कमी झटके सोसतो. वाळला की बहुतांशी पूर्ववत होतो, पण तो सावलीत वाळवायचा. आणि दोरावर पाय द्यायचा नाही. ही शिस्त म्हातारी वाटते, पण पायाखालची वाळू म्यानातून आत जाते आणि प्रत्येक ताणाबरोबर आतल्या धाग्यांना घासत राहते.

(जाड पुठ्ठ्याची वही. पान उलटतं.)

आणि ही वही. तपासणीतलं खरं काम ही करते. प्रत्येक दोराला एक पान. वर दोराचा क्रमांक, उत्पादनाचं वर्ष, खरेदीचं वर्ष, लांबी, जाडी. खाली ओळी: कधी नेला, कोणी नेला, कशासाठी, किती पिच (दोराच्या एका लांबीत चढायचे टप्पे), मोठा झटका बसला का, कडेवर घासला का, भिजला का. हे अक्षर बघा, कोणीतरी ‘झटका नाही’ लिहून खोडलंय आणि ‘एक, साधारण फॅक्टर अर्धा’ असं लिहिलंय. असं खोडून खरं लिहिणाऱ्या सदस्याच्या दोरावर मी डोळे मिटून लटकेन.

बहुतेक उत्पादकांचा सल्ला साधारण एकसारखा आहे. कधीच न वापरलेला दोरही दहा वर्षांनंतर बाद करावा. वर्षातून एखाद-दोनदा वापरला तर सात वर्षांपर्यंत, महिन्यातून एकदा तर पाच, महिन्यात अनेकदा तर तीन, दर आठवड्याला वापरला तर वर्षभर. एक जबर झटका बसला किंवा म्यान फाटून गाभा दिसला, तर त्याच दिवशी बाद. पण दोर किती वापरला हे वहीशिवाय कोण सांगणार? आठवणीत प्रत्येक दोर ‘परवाच तर घेतला’ असतो.

१९८९ मध्ये हिमालयातल्या लोत्से शिखराच्या दक्षिण कड्यावर पोलिश गिर्यारोहक येझी कुकुच्का गेले. आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं चढलेला जगातला दुसरा माणूस. पडल्यावर त्यांचा पातळ दोर तुटला. इतका अनुभवी माणूस होता, तरी दोराने त्याचा अनुभव विचारात घेतला नाही.

(कात्री. विटलेला दोर कापला जातो.)

बाद झालेला दोर असा कापतात. पूर्ण लांबीचा ठेवला की कोणीतरी चांगल्या मनाने तो पुन्हा पिशवीत भरतो. दीड-दोन मीटरचे तुकडे करायचे आणि त्यांवर नव्या सदस्यांनी गाठी शिकायच्या. आठाची गाठ, क्लोव्ह हिच, प्रुसिक. हा तुकडा आता कोणाच्या हातात आहे ते बघा.

या तपासणीत लांब दोरांपैकी काही बाद झाले आहेत. त्यामुळे मोठी मोहीम हंगामाच्या शेवटाकडे सरकवली आहे आणि दोनऐवजी एकच चमू जाईल.

आता पुढचे कार्यक्रम. पहिलं, बिले आणि झटका झेलण्याचा सराव, याच भिंतीवर. जुने-नवे सगळ्यांसाठी, अनुभवी सदस्यांसाठीही. त्यानंतर लीड आरोहणाचं शिबिर. त्यात अँकर लावणं, दोन अँकरवर भार वाटून स्टेशन बांधणं आणि दोर अडकला तर काय करायचं, यावर भर राहील. शिबिरानंतर बचाव सराव, म्हणजे लटकलेल्या बेशुद्ध साथीदाराला दोरावरून खाली आणणं. हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहणं थोड्या वेळातही जिवावर बेतू शकतं, म्हणून हा सराव घड्याळ लावून होईल. बचाव सराव पूर्ण केलेल्यांचीच नावं मोहिमेच्या यादीत येतील. ही अट काहींना जाचक वाटते, हे मला माहीत आहे. सरावाचं चित्रीकरण आपण करणार आहोत, ते बघून मग बोलू.

मोहिमेच्या यादीबरोबर प्रत्येकाला कुठला दोर वापरायचा त्याचा क्रमांकही मिळेल. वही साहित्यखोलीच्या दाराशी, दोरीला पेन बांधून ठेवली आहे. दोर नेताना सही, आणताना सही, आणि आणताना कोणी तरी एक जण तो चिमटीतून सरकवून घेईल. त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढा वेळ थांबायचं. ज्यांच्या घरी क्लबचे दोर, स्लिंग (शिवलेल्या पट्टीचे फास) किंवा कॅराबिनर राहिले आहेत, त्यांनी पहिल्या सरावाला येताना ते आणावेत, कितीही जुने असले तरी. तुमचं स्वतःचं हार्नेससुद्धा आणा, कमरेची शिवण आणि बिले लूप (पुढचा शिवलेला फास) तिथेच तपासून देऊ. हेल्मेट विसरू नका. आणि नखं कापून या, गाठी सोडवायला बरं पडतं.