पीसीओएस, इन्सुलिन आणि मॅग्नेशियमची बाटली

(दृश्य : मानेचा मागचा भाग, अगदी जवळून. केसांच्या रेषेखाली काळपट, जाडसर पट्टा.)

हा मळ नाही. बेसन लावा, लिंबू चोळा, घासून घासून कातडी लाल करा, तरी जायचा नाही. रक्तात इन्सुलिन, म्हणजे साखर पेशींत पोचवणारं संप्रेरक (हार्मोन), सतत चढं राहिलं की मानेवर आणि काखेत त्वचा अशी जाड, काळपट होते. डॉक्टर याला अॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. घरात मात्र पोरीला ऐकावं लागतं, ‘जरा नीट आंघोळ करत जा.’

याच पोरीची पाळी दोन-दोन महिने येत नाही. हनुवटीवर राठ केस येतात, पुरळ हटत नाही. ‘लग्न झालं की होईल सगळं सुरळीत’ म्हणणारी एखादी मावशी असतेच. मग कधीतरी सोनोग्राफी होते आणि तेव्हापासून घरात एक शब्द राहायला येतो : पीसीओडी. वैद्यकीय कागदांवर पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या शंभरातल्या दहा ते तेरा जणींना हा त्रास असतो आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत जणींचं निदान झालेलंच नसतं.

(दृश्य : सोनोग्राफीचा पडदा. अंडाशयाच्या कडेने बारीक काळे ठिपके.)

ज्यांना ‘गाठी’ म्हणून पोरी रात्र रात्र रडतात, ते हे ठिपके. या आहेत अर्धवट वाढून थांबलेल्या बीजकोशिका. ऑपरेशन करून काढायच्या गाठी नव्हेत.

१९३५ साली शिकागोच्या आयर्विंग स्टाइन आणि मायकल लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांमधल्या या आजाराची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा उपाय होता अंडाशयाची फोड कापून काढण्याचा. पुढची कित्येक वर्षं सगळा दोष अंडाशयाच्याच माथी होता. १९८० च्या सुमारास रक्तातलं इन्सुलिन मोजलं गेलं आणि चित्र पालटलं. बऱ्याच जणींच्या पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते आणखी सोडतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरकं बनवायला लावतं. शिवाय या संप्रेरकांना बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं, तेही कमी पडतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. हनुवटीवर केस उगवतात आणि बीज पिकायचं राहून जातं.

(दृश्य : औषधाच्या दुकानातलं फडताळ. पांढऱ्या, जांभळ्या बाटल्यांच्या रांगा.)

इथे मॅग्नेशियम येतं. शरीरातली तीनशेहून जास्त विकरं (एन्झाइम) त्याच्या जिवावर चालतात. इन्सुलिन पेशीला येऊन चिकटलं की आत पुढचा निरोप पोचवणारं जे विकर आहे, त्यालाही मॅग्नेशियम लागतं. ते कमी पडलं तर इन्सुलिन असूनही पेशी थंड. उलट बाजूने, रक्तातली साखर चढली की लघवीवाटे मॅग्नेशियम जास्त वाहून जातं. एकात एक अडकलेलं दुष्टचक्र.

तर्क सरळ आहे : मॅग्नेशियमची गोळी घ्या, पीसीओएस आटोक्यात. म्हणूनच तो विकायला सोपा आहे.

पुरावा काय म्हणतो? इराणमध्ये पीसीओएस असलेल्या स्त्रियांवर काही चाचण्या झाल्या. साधारण साठेक जणी, बारा आठवडे, रोज मॅग्नेशियम आणि त्याच्या जोडीला कुठे झिंक, कुठे ई जीवनसत्त्व. रक्तातल्या काही आकड्यांत थोडी सुधारणा दिसली. पण दोन गोष्टी एकत्र दिल्यावर श्रेय कुणाला द्यायचं? आणि पाळी नियमित झाली का, दिवस राहिले का, हे एवढ्या थोड्या जणींवरून आणि एवढ्या थोड्या काळात ठरत नाही.

भक्कम पुरावा कसा असतो, हे मॅग्नेशियमच्याच दुसऱ्या कामावरून कळतं. गरोदरपणात रक्तदाब चढून झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रिया होत्या आणि झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला. आज लेबर रूममध्ये हे औषध हाताशी ठेवलेलं असतं. पीसीओएससाठी असं काही अजून कुणी दाखवलेलं नाही. रीलवर दोन मिनिटांत दाखवतात, ती गोष्ट वेगळी.

(दृश्य : बाटलीची मागची बाजू. बोट बारीक अक्षरांवरून फिरतं.)

ही बाटली जरा फिरवून बघू. पुढे मोठ्या अक्षरात : मॅग्नेशियम ग्लायसिनेट, १००० मिलिग्रॅम. हे वजन अख्ख्या संयुगाचं. त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम सुमारे १४० मिलिग्रॅम. तो आकडा मागे, तळाशी, भिंग लावून वाचावा इतका बारीक. ऑक्साइडचं उलटं : त्यात मॅग्नेशियम ६० टक्के, पण आतड्यातून अंगी लागतं फार थोडं. बाकीचं पोट साफ करतं.

‘मग आधी रक्त तपासू या ना,’ असं कुणी म्हणेल. अडचण अशी की शरीरातल्या साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियमपैकी निम्म्याहून जास्त हाडांत असतं, बरंच स्नायूंत, आणि रक्तद्रवात एक टक्कासुद्धा नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून साठा पुरेसा आहे असं मानणं म्हणजे पाकिटातल्या सुट्या पैशांवरून बँकेतली शिल्लक सांगणं.

(दृश्य : परात. ज्वारीचं पीठ, कढत पाणी, मळणारे हात. तव्यावर भाकरी फुगते.)

आता स्वयंपाकघरात. आपल्या आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ स्त्रीला दिवसाला ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सांगितलंय. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १३०, बाजरीत सव्वाशेच्या आसपास, नाचणीत दीडशेच्या जवळ. पॉलिश केलेल्या तांदळात? जेमतेम वीस. कोंडा गेला की मॅग्नेशियमही गेलं. मध्यम आकाराच्या दोन भाकऱ्यांना शंभर ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं, म्हणजे दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा तिथेच आला. वर चमचाभर तिळाची चटणी, मूठभर शेंगदाणे, मोड आलेल्या मटकीची उसळ. हिशेब बाटलीवाचून बराच पुढे सरकतो. भिजवून मोड आणले की कडधान्यातला खनिजं अडवणारा घटकही कमी होतो, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

उपासाचंही बघा. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, मॅग्नेशियम नावापुरतं. तेच राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला अडीचशेच्या घरात. आठवड्यातून दोन उपास करणारीला हा फरक थोडाथोडका नाही. मात्र भाकरी आहे म्हणून पाच खाल्ल्या तर इन्सुलिन चढायचं ते चढतंच. ताटात डाळ, उसळ, भाजी जास्त आणि भाकरी बेताची, हे धरून चालायचं.

पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनेही कुठल्या एका आहाराला डोक्यावर घेतलेलं नाही. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं दम लागेल असं चालणं किंवा व्यायाम, दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. वजन हललं नाही तरी त्याचा उपयोग होतो, आणि हे वाक्य डॉक्टरांनी जरा मोठ्याने म्हणायला हवं. कारण ‘आधी वजन कमी करून ये’ ऐकून परत न गेलेल्या मुली खूप आहेत. पाळीसाठी संप्रेरकांच्या गोळ्या, इन्सुलिनच्या त्रासाला मेटफॉर्मिन, मूल हवं असेल आणि बीज पिकत नसेल तर लेट्रोझोल : ही नावं या मार्गदर्शिकेत ठळक आहेत.

(दृश्य : सकाळचा ओटा. थायरॉइडची गोळी, पुरळाची कॅप्सूल, शेजारी मॅग्नेशियमची बाटली.)

तरीही कुणाला गोळी घ्यायचीच असेल, तर हा ओटा नीट बघावा. पीसीओएस असलेल्या कित्येक जणींना थायरॉइडचीही गोळी चालू असते. मॅग्नेशियम तिला पोटातच अडवतं, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. पुरळासाठी दिलेल्या डॉक्सिसायक्लिनलाही ते असंच बांधून टाकतं. कॅप्सूल रोज घेतली जाते आणि अंगी लागत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडूच नये, कारण जादा मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचंच. बाकीच्यांसाठीही पूरक गोळ्यांतून दिवसाला ३५० मिलिग्रॅम ही अमेरिकेत मानलेली वरची मर्यादा आहे. त्यापुढे जुलाब होऊ शकतात.

आणि गोळी सुरू करून ‘बघू आणखी थोडे दिवस’ म्हणत तीन महिने पाळीविना गेले, तर थांबायचं नाही. पाळी येत नाही तेव्हा गर्भाशयाचं अस्तर आत साचत राहतं, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर तिथे कर्करोगाचा धोका वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाताना मागच्या पाळ्यांच्या तारखा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि ही बाटलीसुद्धा सोबत न्यावी. मान दाखवायला विसरू नये.